विहीणबाई, बॅग भरण्याआधी

प्रिय विहीणबाई,

पाकिटावरचं अक्षर तुमच्या ओळखीचं नाही, म्हणून आधीच सांगते, मी तुमच्या जावयाची आई. नऊ वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आज पानंच्या पानं लिहायला बसले आहे. फोन करता आला असता. पण आपला फोन कसा होतो ते दोघींनाही ठाऊक आहे. कशा आहात, बरी आहे, भिंगरी काय म्हणते, चला ठेवते. मला आज 'चला ठेवते'च्या पुढचं बोलायचं आहे. भर दुपार आहे. पलंगावर बॅग उघडी पडली आहे आणि जेवणाच्या टेबलावर तिच्यात जायच्या वस्तूंची रांग लागली आहे. त्या रांगेत कोपर टेकण्यापुरती जागा करून लिहिते आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घ्या.

मुलाने गुरुवारी सांगितलं की मुलांनी ठरवलेल्या बेटाच्या सहलीला तुमचं येणं रद्द झालं, गुडघा दुखतो म्हणालात. कोणता गुडघा, असं मी त्याला विचारलं तर तो म्हणाला डावा. सुनेला विचारलं तर ती म्हणाली उजवा. आता मी एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली. शिकवायचे दुसरे, मी नळ्या धुवायचे, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचे, मुलांची निरीक्षणं वहीत उतरवून घ्यायचे. दोन निरीक्षणं जुळली नाहीत की मला घास गोड लागत नाही, हा तेव्हापासूनचा रोग. शिवाय तुमचं मशीन पायाने चालतं. गेल्याच आठवड्यात तुम्ही आपल्या नातीच्या, भिंगरीच्या, शाळेच्या नाटकासाठी एका दिवसात सात माशांचे पोशाख शिवलेत, असं ती मला ऐटीत सांगत होती. दुखऱ्या गुडघ्याने सात मासे कसे झाले, हा प्रश्न मला पडला. पण ते असो. आधी माझ्या बॅगेचं सांगते. मुलांनी आपल्या दोघींना एकच खोली घेतली होती, त्यामुळे तुम्ही आला असतात तर माझ्या बॅगेत काय आहे ते तुम्हाला दिसलंच असतं.

तुमच्या लेकीने दोघींना सारखीच यादी पाठवली होती, एकवीस वस्तूंची. तुम्ही ती वाचून घडी घालून ठेवली असेल. मी भिंतीला चिकटवली. समुद्र मी नकाशात पाहिलाय, टीव्हीवर पाहिलाय, आणि कुणा मास्तरांनी सहलीहून आणलेल्या बाटलीभर पाण्यात पाहिलाय. खरा नाही. त्यामुळे यादीतल्या एकेका ओळीपाशी माझी गाडी अडायची. पाण्यात घालायचे बूट. आपण जन्मभर बूट भिजू नयेत म्हणून डबकी चुकवत चालतो आणि हे मुद्दाम पाण्यातच घालायचे. सुनेला विचारलं तेव्हा कळलं, तिथे तळाशी पोवळ्याचे खडक असतात, पाय कापतो. म्हटलं, पोवळं तर जिवंत असतं, आपण बूट घालून त्याच्या अंगावर पाय दिला तर त्याचं काय. ती म्हणाली, "आई, पाय द्यायचाच नाहीये त्याच्यावर. चुकून पडला तर म्हणून बूट." मला पटलं, पण पोवळ्याला कसं कळणार की चुकून पडला, हा प्रश्न उरलाच. मग ती तोंडात धरायची नळी आणि रबरी काठाचा चष्मा. ते लावून पाण्यावर पालथं तरंगलं की खालचे मासे दिसतात म्हणे. नळीतून श्वास घेण्याची सवय व्हावी म्हणून मी ती लावून अर्धा तास घरात वावरले, भांडीसुद्धा घासली. मध्येच कुरिअरवाला आला. नळी तोंडात आहे हे विसरून मी दार उघडलं. त्याने सही घेतली, पण सगळा वेळ तो माझ्या चपलांकडे बघत होता.

उन्हाच्या क्रीमवर मी प्रयोगच केला. काचेच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर क्रीम चोपडलं, दुसरी कोरी ठेवली, दोन्हींच्या खाली वर्तमानपत्राचा एकेक तुकडा घातला आणि गॅलरीच्या कठड्यावर चार दिवस उन्हात ठेवल्या. कोऱ्या काचेखालचा कागद पिवळा पडला, क्रीमखालचा जवळजवळ होता तसा राहिला. म्हणजे क्रीम खोटं नाही. फोन ठेवायची ती पारदर्शक पिशवी आली, तिच्यात फोन घालायच्या आधी शाईचे ठिपके काढलेला टिपकागद घातला आणि ती बादलीत बुडवली. ठिपके फुटले नाहीत. मग वाटलं, साध्या पाण्यात पास होऊन काय उपयोग, जायचंय समुद्रात. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. दहा लिटरची बादली भरली, साडेतीनशे ग्रॅम मीठ मोजून टाकलं, ढवळलं. बाथरूममध्ये माझा समुद्र तयार झाला. एक बोट चाखून पाहिलं. लोक ह्याच्यात हौसेने पडतात हे कळायला मला जरा वेळ लागला.

पोहायचा पोशाख त्या समुद्रात एक रात्र ठेवला, रंग जातो का बघायला. गडद निळा आहे, लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत. रंग गेला नाही. आणि त्याच बादलीत मी आणखी एक वस्तू भिजत घातली होती, जी यादीत नव्हती. ती काय होती ते सांगण्याआधी मला नऊ वर्षं मागे जावं लागेल, तुमच्या दुकानात.

लग्नाला महिना उरला होता. तुम्ही निरोप पाठवलात की नवऱ्या मुलाच्या आईचा ड्रेस मी माझ्या हाताने शिवणार, मापाला या. मी आले. दुकान मला अजून दिसतं. खिडकीपाशी मशीन, भिंतीला खुंट्यांवर अर्धवट शिवलेले कपडे, त्यांच्यावर टाचलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या बघून मला तुम्ही लगेच आवडला होतात, माझ्याच जातीच्या वाटला होतात. तुम्ही मऊ करड्या रंगाचं कापड काढून ठेवलं होतं. ते माझ्या खांद्यावर टाकून लांबून बघितलंत, खूश झालात आणि गळ्यातली टेप काढलीत. खांदा झाला, बाही झाली. मग छातीचं माप घ्यायला तुम्ही हात पुढे केलात आणि मी तुमचा हात झटकला. हळूच नाही, चांगला जोरात. टाचण्यांची डबी खाली पडली. तुमच्याकडे शिकणाऱ्या दोन मुली कामं थांबवून बघायला लागल्या. तुम्ही खाली बसून टाचण्या वेचायला लागलात आणि मान वर न करता म्हणालात, "माझ्या हातचं नको असेल तर तसं सांगायचं. रागावले नसते." त्यावर मी काय म्हणाले ते तुम्ही विसरला नसाल. मी म्हणाले, "आमच्याकडे सगळ्या बायका तयारच कपडे घेतात." आणि टाचण्या वेचू न लागता निघून आले.

आमच्याकडे बाई म्हणजे मी एकटीच होते. पण ते वाक्य तोंडातून गेलं ते गेलं. लग्नात मी एक ढगळ तयार ड्रेस घातला आणि वरून शाल. तुम्ही सगळ्यांशी हसून बोललात, माझ्याशी फक्त बोललात. त्यानंतर भिंगरी झाली, तिला तुम्ही किती झगे शिवलेत, सुनेला शिवलंत, माझ्या मुलालाही दोन सदरे शिवलेत. मला कधी विचारलं नाहीत. बरोबरच होतं. ज्या बाईने एकटीने शिवणकाम करून लेक शिकवली, तिच्या हाताला मी तिच्याच दुकानात, तिच्या शिष्यांसमोर कमी लेखलं, असंच तुम्हाला वाटणार. मलाही कुणी असं केलं असतं तर मी हेच समजले असते. मी कधी कधी विचार करायचे की विहीणबाईंनी त्या दिवशी घरी जाऊन काय केलं असेल. कुणाजवळ बोलल्या असतील का. ते करडं कापड कुणाला दिलं असेल.

विहीणबाई, मी हात झटकला कारण तुमच्या बोटांना कळलं असतं. माझ्या डाव्या बाजूला काही नाही. बावीस वर्षं झाली. मी तेव्हा एकोणचाळीसची होते, मुलगा अकरा वर्षांचा. गाठ निघाली, वाईट निघाली, आणि डॉक्टरीणबाईंनी ती बाजूच काढून टाकली. हे आजपर्यंत एकाच माणसाला माहीत होतं, आमच्या ह्यांना. मुलाला आम्ही सांगितलं की आईच्या पित्ताशयात खडे झालेत. नातेवाइकांना, शाळेत, शेजारी, सगळ्यांना तेच. लोक काही कमी नसतात. तेलकट खाऊ नका, अमक्या पाल्याचा रस घ्या, सगळं आलं. शेजारच्या बाईंनी तर खडे बघायला मागितले. आता आली का पंचाईत. मी दुसऱ्या दिवशी शाळेतल्या खनिजांच्या कपाटातून गारेचे चार बारके तुकडे एका बाटलीत घालून आणले आणि दाखवले. त्या बाईंनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, "बाई गं, हे घेऊन तुम्ही चालत होता." मी म्हटलं, "चालत होते." आम्ही दोघं नवरा-बायको त्यानंतर कित्येक दिवस 'चालत होते' म्हणून हसायचो. पण ते नंतर. आधीचे तीन महिने घरात कुणी हसलं नव्हतं.

आमचे हे बसच्या डेपोत सीटा शिवायचे. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, आतला काथ्या बदलायचा, पुन्हा मढवायचं. हाताला फार चांगले होते, तुम्हाला ते काम पसंत पडलं असतं. ऑपरेशननंतर मी एका खांद्याने वाकून चालायला लागले. एका बाजूचं वजन गेलं की दुसरा खांदा ओढला जातो. बाजारात तेव्हा रबरी वस्तू मिळायची, पण ती आणायला दुकानात जाऊन मागायला हवी आणि ते मला जमणार नव्हतं. हे म्हणाले, मी करतो. मऊ सुती कापड आणलं, आकार कापला आणि विचारलं, आत भरू किती. मग मला सातवीच्या पुस्तकातला धडा आठवला. वस्तू पाण्यात बुडवली की तिच्या आकाराइतकं पाणी बाहेर सांडतं. मुलगा शाळेत गेला होता. ह्यांनी घमेलं काठोकाठ भरून एका परातीत ठेवलं आणि धरून बसले, मी वाकून उजवी बाजू त्यात बुडवली, आणि परातीत सांडलेलं पाणी मोजपात्रात ओतून मोजलं. चारशे दहा मिलिलिटर. मी वहीत लिहायला पेन शोधत होते, आणि बघते तर हे परात हातात धरून गदागदा हसताहेत. मग मीही हसले. दाराला कडी लावलेली, दोघं ओलेचिंब, आणि हसणं आवरेना. मला वाटतं मी जगणार आहे हे मला त्या दुपारी कळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं आधीच, पण कळलं तेव्हा.

त्यांनी आत मोहरी भरली. मोहरी अंगाच्या हालचालीबरोबर हलते, काथ्यासारखी टोचत नाही. वजन जरा कमी पडलं तेव्हा पडदे सरळ पडावेत म्हणून काठाला घालतात ती दोन वजनं तळाशी शिवून टाकली. दर वर्षी मोहरी बदलायची, कापड बदलायचं. सतरा वर्षं त्यांनी ते केलं. तुमच्या दुकानातून मी घरी आले त्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, सांगून टाकायचं होतंस, शिंपीणबाई आहेत, त्यांनी काय काय पाहिलं असेल. मी म्हटलं, लग्नाआधी मुलाच्या सासूला हे सांगू? त्यांच्या मनात लगेच येईल की हे दुखणं रक्तात असेल, उद्या नातवंडांत येईल. पाच वर्षांपूर्वी ते गेले आणि मी स्वतः शिवायला लागले. माझे टाके वाईट आहेत. पण टाक्यांचं एवढं काही नाही. ते गेल्यावर माझं शरीर जसं आहे तसं ठाऊक असलेलं माणूस जगात उरलं नाही, हे मला जड गेलं. लपवायला दोन माणसं असली की ते दोघांचं गुपित असतं. एकटंच उरलं की नुसतंच लपवणं होतं.

म्हणून मुलाने जेव्हा घाबरत घाबरत विचारलं, "आई, तुम्हा दोघींना एका खोलीत ठेवलं तर चालेल ना", तेव्हा मी चालेल म्हणाले खरी, पण जरा अडखळतच. त्याला वाटलं जुना अबोला आडवा येतोय. मी आपली हिशेब करत होते की अंघोळ कधी करायची, कपडे कुठे बदलायचे, झोपताना काय घालायचं. बॅगेत एकावर एक दडवायच्या वस्तू भरत होते. आणि खोटं कशाला सांगू, दुसऱ्या बाजूने तुमच्याबद्दल कुतूहलही वाटत होतं. विहीणबाई झोपताना केस बांधतात का, सकाळी उठल्या उठल्या कशा दिसतात, समुद्र बघून काय म्हणतील. आठ दिवस एका खोलीत राहिलेल्या माणसांना एकमेकांचं किती काय काय कळतं.

तर बादलीतली वस्तू ती होती. मोहरीची. पोहताना ती आत राहील का, जड होईल का, मोहरी फुगून शिवण उसवेल का, हे मला बघायचं होतं. खाऱ्या पाण्यात एक रात्र ठेवली. मोहरी फुगली, शिवण कशीबशी टिकली. मी ती काढून साध्या पाण्यात खळबळली आणि बाथरूमच्या नळाला वाळत घातली. वाळायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे मी तिकडे नीट बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी ती काढायला गेले तर कापडाच्या विणीतून जागोजागी बारीक पांढरे कोंब बाहेर आलेले. काहींना टोकाला हिरवट रंगसुद्धा चढला होता. खाऱ्या पाण्यात बी उगवत नाही हे मी शाळेत कितीदा पाहिलंय, पण गोड्या पाण्याने धुतल्यावर ते सगळं विसरून उगवून येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी स्टुलावर बसून किती वेळ बघत राहिले. लाज वाटायला हवी होती, वाईट वाटायला हवं होतं, पण मला नुसतं बघत राहावंसं वाटत होतं. भिंग आणून पाहिलं. मग ते कोंब फेकवले नाहीत. मातीची कुंडी होती रिकामी, तिच्यात अख्खी वस्तू उसवून ओतली. आता कुंडीत दाट मोहरी उगवली आहे. भिंगरी भेटायला आली तेव्हा तिने विचारलं, आजी हे काय लावलंस, तर म्हटलं, प्रयोग आहे.

त्या दिवशी मी ठरवलं की पाण्यात उतरायचं ते आहे तशी. निळा पोशाख एका बाजूला जरा रिकामा दिसेल. दिसू दे. मासे काही मापं घेत नाहीत. बॅगेतल्या दडवायच्या वस्तू मी बाहेर काढल्या आणि बॅग सव्वादोन किलोंनी हलकी झाली. तुम्हाला खोलीत पहिल्या दिवशीच सांगायचं असंही ठरवलं, कसं बोलायचं ते नळी तोंडात धरून घोकूनही पाहिलं. आणि गुरुवारी कळलं की तुम्ही येत नाही.

पण गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी, काय झालं ते मला आता लिहायलाच हवं. वर्षातून एकदा मी दातांच्या डॉक्टरकडे जाते असं मुलाला सांगते आणि मोठ्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर तपासणीला जाते. बुधवारी गेले होते. लांब बाक आहेत तिथे, फिकट हिरव्या भिंती. माझ्यापासून चार माणसं सोडून एक बाई बसली होती, तोंडावरून रुमाल घेतलेला, मांडीवर पर्स, तिच्यावर दोन्ही हात. ताठ. तशा ताठ बसणाऱ्या मी एकाच बाईला ओळखते. काउंटरवरच्या मुलीने हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुम्हाला सांगितलं की गाठीचा तुकडा तपासायला गेलाय, रिपोर्ट मंगळवारी दहा वाजता, येताना बरोबर कुणाला तरी घेऊन या. तुम्ही म्हणालात, "बरोबर यायला कुणी नाही. मी एकटीच येईन." तुम्हाला लेक आहे, जावई आहे, मी आहे. आणि मी काय केलं, तर माझी फाइल पिशवीत कोंबली आणि खांबाआडून मागच्या जिन्याने खाली उतरले. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून नाही, मी तिथे तुम्हाला दिसू नये म्हणून. तुमच्या दुकानात मी टाचण्या वेचू लागले नाही ती एक चूक आणि बुधवारी तिथून उठून गेले ही दुसरी. पहिलीला नऊ वर्षं लागली, दुसरीला तेवढी लावायची नाही, म्हणून हे पत्र. बऱ्याच गाठी साध्या निघतात असं म्हणतात, पण मी तुम्हाला तो दिलासा देणार नाही, कारण तुमची कशी आहे ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की माझी वाईट होती आणि बावीस वर्षांनी मी पोहायचा पोशाख विकत घेतला. लेकीला सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, माझ्या तोंडून जाणार नाही. माझं मात्र मी माझ्या मुलाला सांगणार आहे, आणि तुमचं तिकीट बुधवारपर्यंत रद्द करू नकोस असं त्याला सांगून ठेवलं आहे, का ते न सांगता. उद्या रविवार, दुकान बंद असेल, हे पत्र शटरखालून आत सरकवते. मंगळवारी साडेनऊपासून मी त्या बाकावर बसलेली असेन. तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसेल तर दुसऱ्या टोकाला बसा, मी वाईट वाटून घेणार नाही. पण तुमचं नाव पुकारल्यावर ती मुलगी विचारेल, बरोबर कोण आलंय, तेव्हा माझ्याकडे बोट दाखवा आणि सांगा, ही आली आहे, माझी विहीण.

तुमचीच,
भिंगरीची दुसरी आजी